जुनं चर्च पुन्हा नांदतं करताना : खानदेशातल्या नव्या कमिट्यांसाठी कामाचा क्रम

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कमिटीवर तुम्ही नव्याने निवडून आला आहात आणि पहिल्याच सभेत विषय निघाला आहे : चर्चचं काहीतरी करायला पाहिजे. छप्पर गळतंय, गिलावा पडतोय. रविवारी दोन तास उघडणारी एवढी मोठी वास्तू बाकीचे सहा दिवस कुलूपबंद असते आणि गावातली पोरं अभ्यासाला जागा शोधत फिरतात. कोणी म्हणतं पाडून आरसीसीचं बांधू, कोणी म्हणतं नुसता रंग मारून घेऊ. अशा कमिटीसाठी हा लेख आहे.

खानदेशातली जुनी चर्चं बहुतेक मिशन कंपाउंडात उभी आहेत. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. नवापूर, नंदुरबार, तळोदा, शहादा या पट्ट्यात स्कँडिनेव्हियन मिशनांचं. भुसावळला रेल्वेच्या वसाहतीमुळे इंग्रजी उपासनेची चर्चंही झाली. या इमारतींची घडण साधारण सारखी असते : काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, सागाच्या कैच्या (छपराचा भार घेणारे त्रिकोणी सांगाडे), वर मंगलोरी कौलं आणि पुढे ओसरी. ही कौलंही एका मिशनचीच देणगी म्हणायची. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती पश्चिम भारतभर पसरली.

माझं ठाम मत आहे की अशा इमारतींचं जेवढं नुकसान पैसा नसल्यामुळे होतं, त्याहून जास्त कामाचा क्रम चुकल्यामुळे होतं. फरशी आधी बसते आणि छप्पर राहून जातं. वर्गणी गोळा होते आणि मग कळतं की जागा आपल्या ट्रस्टच्या नावावरच नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या.

१. आधी कागद

शहरात असाल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, खेड्यात असाल तर सातबारा आणि त्यावरचे सगळे जुने फेरफार. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून ट्रस्टचा नोंदणी उतारा घ्या. या कागदांवरचं मालकाचं नाव एकच आहे का, हे पाहा. पुष्कळदा नसतं. उताऱ्यावर जुन्या मिशनचं नाव असतं, ट्रस्टच्या नोंदीत दुसरंच असतं आणि ताबा मात्र तीन पिढ्या मंडळीकडे असतो. ही गाठ वकिलाकडूनच सोडवून घ्या. तोवर इमारतीला हात लावायचा तो फक्त गळती थांबवण्यापुरता.

विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. कित्येक ट्रस्टांत वारलेल्या विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात. मग बँक खातं अडतं, परवानगीच्या अर्जावर सही कोणी करायची तेच ठरत नाही. आधी हे निस्तरा.

शहरात एक प्रस्ताव हमखास येतो : कंपाउंडातली मोकळी जागा आम्हाला द्या, चर्च आम्ही फुकट नवं करून देतो. ऐकायला गोड वाटतं. पण ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, बदलून द्यायची किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही कलम ३६-अ खाली परवानगी लागते. ती नसताना केलेला साधा करारसुद्धा पुढे कोर्टात नेतो. कंपाउंड एकदा तुटलं की जोडून मिळत नाही. मी तर म्हणेन, चर्चच्या दुरुस्तीसाठी जमीन देण्याचा विचारच करू नका.

सातपुड्याच्या बाजूच्या मंडळ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. एखाद्या भावाने श्रद्धेने आपल्या शेतातला तुकडा चर्चला दिलेला असतो, पण सातबारा अजून त्याच्या किंवा त्याच्या मुलांच्या नावावर असतो. आदिवासी खातेदाराची जमीन ट्रस्टच्या नावावर करायची तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं, आणि हे ३६-अ वरच्या ३६-अ पेक्षा वेगळं आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तो व्यवहार टिकत नाही.

मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा. मग नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जा. वास्तू वारसा यादीत आहे का आणि जवळ पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे का, हे तिथेच विचारून घ्या. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही आणि तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. धार्मिक स्थळ म्हणून पोलिसांचा किंवा जिल्हा प्रशासनाचा ना-हरकत दाखला मागितला जाऊ शकतो, तो वेळ धरूनच चाला. शेवटी तुमच्या वरच्या मंडळाची लेखी संमती : कॅथलिक असाल तर नाशिक धर्मप्रांताच्या बिशपांची, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असाल तर तुमच्या धर्मप्रांताची, स्वतंत्र मंडळी असाल तर तुमच्या मंडळ्यांच्या संघाची.

२. कशासाठी, हे लोकांना विचारा

नकाशा काढण्याआधी हे ठरलं पाहिजे. आर्किटेक्टला नुसतं “मल्टिपर्पज हॉल करून द्या” असं सांगितलं तर तो चर्चचं मंगल कार्यालय करून देईल.

मंडळीची सर्वसाधारण सभा नाताळाच्या आठवड्यात ठेवा. नंदुरबार-नवापूरकडची निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात. नाताळाला मात्र जमेल तो घरी येतो. जे इथे नसतात तेच पुढे वर्गणी पाठवतात, त्यांचं म्हणणं आधी ऐका. सभेत मराठीच्या जोडीला मावची, भिली, अहिराणी बोलू द्या. मराठीत गप्प बसणाऱ्या म्हाताऱ्या बाया आपल्या बोलीत फार नेमकं सांगतात. पाणी कुठून गळतं, कुठल्या बाकावर ऊन येतं, लग्नात स्वयंपाक कुठे होतो आणि धूर कुठे जातो, हे त्यांना ठाऊक असतं.

मंडळीबाहेरच्या लोकांनाही विचारा. शाळेचे गुरुजी, आशाताई, बचत गटाच्या बाया, शेजारच्या आळीतले लोक. गरज गावागणिक वेगळी निघते. भुसावळ-जळगावात अभ्यासिका हवी असते, कारण पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात. नवापूर, धडगाव, अक्कलकुवा भागात सिकलसेलची तपासणी, लसीकरण, बाळंतिणींसाठी बसायची सावली यांना महत्त्व येतं. ऊसतोडीच्या हंगामात आजीकडे राहिलेल्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग हे तर चर्चने घ्यावं असंच काम आहे.

मग भिंतीवर आठवड्याचा तक्ता लावा. सात दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ. प्रथम उपासना भरा : रविवारची भक्ती, बुधवारची प्रार्थना, रविवारची शाळा, महिला संघ, तरुण संघ, उपवासकाळातल्या जादा सभा. तक्त्याच्या उरलेल्या रकान्यांत बाकीचे वापर. ज्या वापराला चालवणारा माणूस नावानिशी पुढे येत नाही, त्यासाठी बांधकाम करू नका. खर्च करून बांधलेल्या आणि रिकाम्या पडलेल्या खोल्या आपल्याकडे काही कमी नाहीत.

३. एक वर्ष इमारत बघा

कागदांना वेळ लागणारच आहे, तेवढ्यात हे होतं. आपल्याकडे काळी कापसाची जमीन. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला हलवते. मे महिन्यात बोट जाईल अशी दिसणारी भेग ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटलेली असते. म्हणून एकदा पाहून “पाया खचलाय” असा निष्कर्ष काढणाऱ्याचं ऐकू नका. भेगेवर आडवी पीओपीची छोटी पट्टी लावा, तिच्यावर तारीख लिहा आणि दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढा. पट्टी तडकली आणि फट वाढतच गेली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. उन्हाळ्यात तडकून पावसाळ्यात फट मिटली, तर दोष बहुधा पाण्याचा किंवा भिंतीलगतच्या मोठ्या झाडाचा असतो.

कैच्या तपासायच्या तर शिडी लावून त्यांची टोकं पाहा, जिथे लाकूड भिंतीत शिरतं. साग मधोमध शंभर वर्षं टिकतो, पण भिंतीतल्या ओलीने टोक कुजतं. पेचकसाने टोचा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुततं. कुजलेल्या ठिकाणी ते मुठीपर्यंत आत जातं आणि बाहेर काढल्यावर तपकिरी भुगा गळतो. वाळवी लागली असेल तर मातीची बारीक नळी भिंतीवरून वर चढलेली दिसेल. अशा कैचीचं फक्त टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. सगळी कैची काढून लोखंडी ट्रस टाकण्याची गरज सहसा नसते. जुना साग आज विकत घेऊ गेलात तर मिळणार नाही. मिळाला तरी परवडणार नाही.

वारसा संवर्धनाचं काम केलेला आर्किटेक्ट याच वेळी गाठा. १९८४ पासून काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेकडे अशी माणसं विचारता येतात. नकाशे, चारी बाजूंचे फोटो आणि मापं आधी तयार झाली पाहिजेत.

४. पाणी

दुरुस्तीचा पहिला रुपया छपरावर जावा. फुटकी कौलं बदला, कौलांखालच्या लाकडी रिपा पाहा, आढ्यावरची कौलं चुन्यात पुन्हा बसवा, मनोऱ्याला छप्पर भिडतं तिथली फट बंद करा. उतरवलेल्या कौलांतली चांगली कौलं फेकू नका. समोरच्या उतारावर तीच लावा आणि नवी मागच्या बाजूला.

पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडू देऊ नका. पन्हळ लावा किंवा खाली दगडी फरसबंदी करून उतार बाहेरच्या बाजूला काढा. गेल्या पन्नास वर्षांत मुरूम टाकून टाकून कंपाउंडची जमीन वर आलेली असते आणि जोतं निम्मं गाडलेलं असतं. ती माती खरवडून जोतं मोकळं केलं, एवढ्यानेच कितीतरी भिंती वाळतात. मनोऱ्यात उगवलेला पिंपळ नुसता छाटू नका. तो दुप्पट जोमाने येतो. मुळापर्यंतचे दगड सोडवून, मूळ काढून, चुन्यात पुन्हा बांधावं लागतं.

५. चुना

या पायरीवर तुमची कंत्राटदाराशी वादावादी होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या भिंतीचा खालचा तीन-चार फूट भाग बघा. तिथे पांढरी बुरशीसारखी पूड आलेली असते. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागलाय. यावर सगळीकडे एकच इलाज होतो : सिमेंटचा गिलावा, वर वॉलपुट्टी, वर ऑइलपेंट. दोन पावसाळे छान दिसतं. मग गिलाव्यावर फुगवटे येतात. अशा फुगवट्यावर हातोडीचा दांडा आपटा, पोकळ आवाज येतो. तुकडा उचकटला की मागची वीट हाताने चुरडते. जमिनीतली ओल भिंतीत चढते, तिला बाहेर पडायचं असतं. चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते. सिमेंटमधून जाता येत नाही म्हणून ती आणखी वर चढते आणि क्षार विटेच्या आतच साठून वीट फोडतात. भिंत खाणारा रोग सिमेंटच्या मागे चालू राहतो, एवढंच की तो दिसत नाही.

म्हणून आधीचं सिमेंट हलक्या हाताने, छिन्नी आडवी धरून काढा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका. भिंत एक-दोन महिने उघडी वाळू द्या. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि कंपाउंडबाहेर टाका. धुतली तर ती विरघळून पुन्हा आत जाते. चुरडलेल्या विटा तेवढ्याच बदला.

चुना कळीचा घ्या. टाकीत विझवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या. एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू हे सर्वसाधारण प्रमाण. ओलीच्या जागी थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घातली की चुना लवकर धरतो. जुने गवंडी गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालत. ते घालायचं तर आधी मागच्या भिंतीवर चौरस मीटरभर नमुना करा, महिनाभर पाहा, मग पुढे जा. दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरतानाही सिमेंट नको. जुना सैल चुना दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत खरवडून नवा चुना दाबून भरायचा, आणि तो दगडावर पसरू द्यायचा नाही. शेवटी चुन्याचीच सफेदी.

चुन्यावर हात बसलेले गवंडी आता थोडे राहिलेत. जुने वाडे, देवळं, किल्ले यांच्या दुरुस्तीवर गेलेल्या माणसांना विचारत जा, त्यांतून सापडतात. त्यांना ठोक ठेका देऊ नका, रोजाने ठेवा. ठोक घेतलेला माणूस घाई करतो आणि चुन्याला घाई चालत नाही. मंडळीतले दोन तरुण त्यांच्या हाताखाली मजुरीने लावा, म्हणजे पुढची डागडुजी घरच्या घरी होईल.

६. ऊन आणि वीज

जळगाव-भुसावळचा मे पंचेचाळीस अंशांना टेकतो. अशा मुलखात उंच छप्पर आणि वरचे झरोके हेच खरं वातानुकूलन आहे. फॉल्स सीलिंग लावलं की गरम हवा डोक्यावर अडकते, वर उंदीर-कबुतरं राहायला येतात आणि गळती दिसेनाशी होते. ते लावू नका. बुजवलेले झरोके उघडा, जाळी लावा, कौलांखाली लाकडी फळ्या किंवा उष्णतारोधक थर द्या.

वायरिंग मात्र पूर्ण नवं करा. जुन्या तारा सागाच्या छपराखाली ठेवणं धोक्याचं आहे. भिंतीत खाचा न पाडता वरून पाइप न्या, अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच लावा, मनोऱ्यावर आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजवाहक बसवा.

७. आतली मांडणी

वेदीकडचा भाग उपासनेचाच राहू द्या. बाप्तिस्मा कुंड, व्यासपीठ, प्रभुभोजनाचं मेज हलवू नका. जी मंडळी आपलं लग्न आणि आपल्या आई-वडिलांचा अंत्यविधी त्या जागी झालेला आठवते, तिला ती जागा ओळखीची राहिली पाहिजे. बाकीचे वापर मागच्या तिसऱ्या भागात आणि ओसरीत येऊ द्या. मध्ये पक्की भिंत नको. कमरेइतकी लाकडी जाळी किंवा सरकता पडदा पुरतो. नाताळाला ती बाजूला केली की सगळं चर्च एक होतं.

बाकांवरून भांडणं होतात. सगळी बाकं विकून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणणं मला पटत नाही. पुढच्या ओळी ठेवा, मागची बाकं दुरुस्त करून अभ्यासिकेला आणि ओसरीला वापरा.

स्वच्छतागृह आणि स्वयंपाकघर बाहेर, वेगळ्या छोट्या इमारतीत बांधा, म्हणजे जुन्या भिंतीत पाण्याचे नळ जाणार नाहीत. सामान ठेवायची खोली नकाशात आहे ना, हे बघा. ती नसली की सहा महिन्यांत सतरंज्या, ढोलक, पाण्याचे जार वेदीमागे जमा होतात. रॅम्पचा उतार एकास बारा असावा. जोतं दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब होतो. तो पुढच्या दारालाच जोडा. व्हीलचेअरवरच्या माणसाला मागच्या दाराने आणू नका.

काम सुरू होण्याआधी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या स्कॅन करून सुरक्षित ठिकाणी हलवा. कित्येक घरांचा तेवढाच जुना लेखी पुरावा असतो. स्मृतिशिलांवर रंग चढू देऊ नका.

८. पैसा

कामाचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्पा स्वतःपुरता पूर्ण होईल असा ठेवा : छप्पर, मग भिंती, मग वीज, मग बाहेरच्या सोयी. जुन्या इमारतीत उघडल्यावरच खरं काय ते कळतं, म्हणून अंदाजपत्रकात पाचवा हिस्सा राखीव धरा. खासदार निधीच्या आशेवर राहू नका. उपासनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर तो खर्च करता येत नाही.

जुन्या मिशनऱ्यांची नातवंडं कधी भेटीला येतात आणि मदत देऊ म्हणतात. परदेशी पैसा घ्यायला विदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून वळवून घ्यायची वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर तर मुळीच नको. देणगीदाराला आयकर सवलतीचं आश्वासन देण्याआधी सीएला विचारा. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ती सवलत देणारी ८०-जी नोंदणी सहसा मिळत नाही. जमाखर्च दर महिन्याला चर्चच्या दारावर लावा.

९. कधी काय

छपराचं काम होळीनंतर घ्या आणि मृगाच्या आधी कौलं चढलेली असू द्या. नवापूरकडे पाऊस जास्त, तिथे आणखी पंधरा दिवस हाताशी ठेवा. चुन्याचं काम दसऱ्यानंतर फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळ्यात चुना पाणी मारूनही तडकतो. छप्पर उघडं असेल तेव्हा उपासना कंपाउंडातल्या मांडवात घ्या. चर्च बंद ठेवून मंडळी विखुरली तर तिला गोळा करायला फार वेळ लागतो.

१०. उघडल्यावर

वापराची नियमावली उद्घाटनाआधी सभेत मंजूर करा. किल्ली कोणाकडे, नोंदवही कोण ठेवणार, झाडलोट आणि वीजबिल कोणाचं, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, आणि मंडळीत अंत्यविधी असेल त्या दिवशी बाकी सगळे कार्यक्रम रद्द. अभ्यासिकेला येणाऱ्या मुलाला त्याचा धर्म विचारायचा नाही, हेही लिहूनच ठेवा. अभ्यासिका मोफत असू द्या. लग्नसमारंभाला मात्र भाडं घ्या आणि ते वेगळ्या देखभाल खात्यात टाका.

इंग्लंडमध्ये १९५५ च्या कायद्यापासून तिथल्या अधिकृत चर्चच्या प्रत्येक इमारतीची दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी होते. आपल्याला तसा कायदा नाही, पण कमिटीने ठराव करून ही पद्धत लावून घ्यावी आणि अहवाल नोंदवह्यांच्या कपाटातच ठेवावा. दरवर्षीचं काम त्याहून साधं आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा दिवाळीआधी शिडी लावून पन्हळ साफ करणं, सरकलेली कौलं बसवणं, कैच्यांची टोकं टोचून पाहणं. हे कोण करणार त्या दोघांची नावं वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहा, आणि शिडी चर्चच्या मालकीची विकत घ्या.